ताशी चार मैल

समुद्राशी माझा प्रत्यक्ष संबंध गेटवे ते मांडवा एवढाच आहे, आणि तोही एकदाच आला. लाँच सुटल्यावर पहिली दहा मिनिटं मी समुद्रपक्ष्यांना शेव टाकत होतो. पुढची पन्नास मिनिटं समुद्राला काय काय टाकलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून मी समुद्रप्रवास फक्त पुस्तकातून करतो. पुस्तकातली बोट कितीही डुलली तरी पान हलत नाही, आणि कंटाळा आला की खूण घालून चहा घेता येतो.

असंच एक पुस्तक १९८३ साली फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मला मिळालं. विक्रेता पंधरा म्हणाला, मी दहा म्हणालो आणि बारावर आम्ही दोघंही फसलो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाचं 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन'. हा गृहस्थ १९६८ साली १४ जूनला इंग्लंडातल्या फाल्मथ बंदरातून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता, पृथ्वीला प्रदक्षिणा घालून १९६९ च्या २२ एप्रिलला पुन्हा फाल्मथलाच आला. तीनशे बारा दिवस! बोटीवर चढलेल्या कस्टमवाल्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुठून आलात?" यानं सांगितलं, "फाल्मथहून." सरकारी प्रश्नाला इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी उत्तर दुसरं नसेल.

पण मला भुरळ पडली ती माणसापेक्षा बोटीची. तिचं नाव 'सुहेली'. इराणच्या आखातात अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला या नावानं ओळखतात. अरबीत सुहैल म्हणजे आपला अगस्त्याचा तारा. आणि अगस्त्यानं समुद्राचं काय केलं ते आपल्याला आजीनं सांगितलेलं आहेच. ही सुहेली मुंबईची. जन्म कुलाब्याचा! नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा व्यापारी जहाजावर नोकरीला होता आणि मुंबई त्याच्या येण्याजाण्यातली. त्यानं नि त्याच्या दोस्तांनी बोटीचे नकाशे विलायतेहून मागवले ते एका बोटीचे, आणि आले भलत्याच. तुम्हीआम्ही अशा वेळी पत्रव्यवहार केला असता. या मंडळींनी विचार केला, आता परत पाठवण्यात वेळ घालवा कशाला, आलीच आहे तर हीच बांधू. (आमच्या लग्नाची हकीकतही थोडीफार अशीच आहे, पण ती ज्यांनी वाचायला नको त्या हे लिखाण आधी वाचतात.)

आलेले नकाशे 'एरिक' नावाच्या जुन्या धाटणीच्या बोटीचे होते. विल्यम ॲटकिन या अमेरिकन माणसानं १९२० च्या दशकात ती आखली, आणि तीही त्यानं हवेतून काढली नव्हती. नॉर्वेत कॉलिन आर्चर नावाचे एक बोटी आखणारे होते. १८९० च्या दशकात त्यांनी बुडत्या कोळ्यांना वाचवायला जाणाऱ्या बोटी तयार केल्या. म्हणजे वादळ सुटलं की बाकीच्या बोटींनी घरी यायचं आणि यांनी घराबाहेर पडायचं. अशा कामाला अंगकाठी नाजूक चालत नाही. पुढून जशी निमुळती तशीच मागूनही निमुळती, म्हणजे मागून येणारी लाट आपटायच्या ऐवजी दुभंगून जाते. अंग जाड, पोट मोठं, आणि तळाचा कणा, ज्याला कील म्हणतात, तो जवळजवळ पूर्ण लांबीचा. सुहेली लांबीला बत्तीस फूट पाच इंच आणि रुंदीला अकरा फुटांवर. आमचा दिवाणखाना थोडा ओढला असता तर एवढाच झाला असता. दोन डोलकाठ्या, मोठी पुढे आणि धाकटी मागे. सगळं अंग हिंदुस्थानी सागाचं, आणि ते घडवलं सुतारांनी वाकस आणि सामता चालवून. कारखान्यातून काढलेली वस्तू नव्हे ती; देवघरासारखी केलेली.

आता अशी बोट पळते कशी? तर, पळत नाही. इथे थोडं शास्त्र सांगतो. ते मला समजलं आहे म्हणजे तुम्हाला समजायला हरकत नाही. पाणी कापत जाणारी जड बोट स्वतःच एक लाट निर्माण करते. वेग वाढला की लाट लांब होते. होता होता लाट बोटीएवढी लांब झाली, की बोटीचं तोंड एका शिखरावर, शेपूट दुसऱ्या शिखरापाशी आणि पोट मधल्या खड्ड्यात. यापुढे वेग वाढवायचा तर स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं, आणि ते जड अंगाला जमत नाही. त्यासाठी एक हिशेब आहे: पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला एक पूर्णांक चौतीस शतांशांनी गुणायचं. सुहेलीची ती लांबी अठ्ठावीस फूट. उत्तर येतं ताशी सात सागरी मैल. ही झाली परमावधी. प्रत्यक्षात साऱ्या प्रदक्षिणेची तिची सरासरी पडली ताशी चार. किलोमीटरमध्ये सात-साडेसात. दूधवाल्याची सायकल तिला सहज मागे टाकेल. वाऱ्याच्या तोंडावर जायला नाखूश, वळायला त्याहून नाखूश, आणि वारा पडला तर नुसती बसून राहणार.

मग तिचं कौतुक कशासाठी? तर ती सरळ जाते म्हणून. लांब कण्यामुळे तिला एकदा दिशा दाखवली की ती धरून राहते. वाटेत आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं, तेव्हा या माणसानं शिडं अशी तोलून लावली की बोट आपली आपण जात राहिली आणि हा खाली जाऊन झोपला. झोपेत आपलं काम चालू ठेवणारी वस्तू मी फक्त सरकारी कचेरीत पाहिली आहे, पण तिथे काम पुढे जात नाही. शिवाय तळाशी लोखंडी वजन. लाटेनं आडवी पाडली तरी तळाशी शिसं भरलेल्या बाहुलीसारखी पुन्हा उभी. एका तडाख्यात केबिनच जागची हलली. पिण्याचं पाणी नासलं, मग पावसाचं धरून प्यायला. तळाला गळती लागली, तेव्हा हा गृहस्थ पाण्यात उतरला आणि बाहेरून फटीवर कॅनव्हासची पट्टी ठोकून आला. रेडिओ बंद पडला आणि काही महिने हा जिवंत आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ही सारी कथा गेली चाळीस वर्षं मी ज्याला त्याला सांगत आलो. ती मला का आवडते हे उघड आहे. मी स्वतः ताशी चार मैलवाला. कचेरीत माझ्या मागून आलेले वर गेले, निवृत्त होऊन परतही आले. मी आपला एकाच टेबलापाशी वर्गमूळ काढत बसलो. अशा माणसाला 'हळू पण पहिला' ही गोष्ट औषधासारखी लागते. ती शर्यतच होती, आणि तीत नऊ जण उतरले होते. त्यांतली सगळ्यांत वेगवान नव्हे, सगळ्यांत नवी नव्हे, अशी ही कुलाब्याची ठेंगणी बाई तेवढी घरी पोचली. बाकी आठांपैकी कुणीच नाही. 'सुहेलीकडे बघा,' असं मी बायकोला सांगत असे. ती म्हणे, "तिच्याकडे बघून काय करू? ती निदान निघाली तरी होती."

आता आमच्या सोसायटीतल्या वहीबद्दल सांगायला हवं. आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी सकाळी फिरायला जातो. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की रखवालदाराच्या केबिनमध्ये एक लांबट वही टांगायची आणि रोज कोण किती किलोमीटर चालला ते ज्यानं त्यानं लिहायचं. महिन्याअखेर पहिल्या येणाऱ्याला नारळ आणि बाकीच्यांच्या खर्चानं चहा. मोबाइलवर पावलं मोजता येतात हे आम्हाला ठाऊक आहे. पण एकमेकांवर विश्वास हवा, असं सर्वानुमते ठरलं. प्रस्ताव माझाच होता.

पहिल्या आठवड्यात मी खरं लिहिलं. मग एकदा साडेतीन झाले, ते चार लिहिले. अर्ध्याचा पूर्ण करावा हे आपल्याला शाळेतच शिकवलेलं असतं. मग एका रविवारी घरी कांदेपोहे होते, गेलो नाही. पण गेलो असतो तर चार झालेच असते, म्हणून चार लिहिले. एकदा माणूस 'असतो तर' या प्रांतात शिरला की त्याला सीमा नाही. फेब्रुवारीत मी सातवर होतो. चालत होतो मात्र चारच. नारळ मलाच मिळाला. घरी त्याची वाटली डाळ आणि मोदकांचं सारण झालं, आणि मी ते खाल्लं.

तळमजल्यावरच्या नानांचं मात्र मला ठाऊक नव्हतं. नाना बहात्तर वर्षांचे, रेल्वेत होते. वेळापत्रक त्यांच्या रक्तात. संध्याकाळी ते केबिनपाशी जाऊन माझा आकडा बघत आणि रात्री जेवणानंतर काकूंना 'शतपावली' म्हणून सांगून पुन्हा बाहेर पडत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री ते उड्डाणपुलाखालच्या कट्ट्यावर बसले ते त्यांना उठता येईना. पानवाल्यानं रिक्षात घातलं. रक्तवाहिनीत स्टेंट बसला. मी भेटायला शहाळं घेऊन गेलो तर नाना ओशाळं हसून म्हणाले, "तुमचे सात झाले ना हो? माझे साडेसहाच राहिले."

मी हसलो. काय करणार?

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. नानांना वाचायला मनाई होती, बोलायलाही फार नको म्हणाले होते. ऐकायला परवानगी होती. काकू खिडकीपाशी लसूण सोलत असल्यासारख्या हात हलवत जप करत होत्या. नाना म्हणाले, "तुमची ती बोटीची गोष्ट सांगा. नेहमी अर्धीच राहते. बाकीच्या आठांचं काय झालं?"

ही गोष्ट मी नेहमी अर्धीच का सांगतो ते मला त्या खोलीत कळलं. पण सुरुवात केली. काहींच्या बोटी मोडल्या, काहींची जिद्द. एक फ्रेंच माणूस होता, बर्नार मोईतेसिए. त्याची 'जोशुआ' पोलादाची, सुहेलीपेक्षा मोठी आणि वेगवान. अर्ध्याहून जास्त पृथ्वी पालथी घालून तो बक्षिसाच्या वाटेवर होता. आणि केप टाऊनजवळ त्यानं एका जहाजावर गलोलीनं चिठ्ठी मारली, की मी शर्यत सोडतो, समुद्रावर सुखात आहे. मग तसाच पुढे जाऊन ताहितीला उतरला. इथे मी नेहमी जरा थांबतो, म्हणजे ऐकणाऱ्यानं 'वा!' म्हणावं. काकूंनी जप थांबवून विचारलं, "त्याला बायको होती?" म्हटलं, होती, युरोपात वाट बघत. काकू म्हणाल्या, "मग सुखात असणारच," आणि पुन्हा ओठ हलू लागले. मोईतेसिएवर तत्त्वचिंतकांनी पुष्कळ लिहिलं असेल, पण हा मुद्दा त्यांच्याकडून सुटला असावा.

"आणि?" नाना म्हणाले.

आणि डोनाल्ड क्राउहर्स्ट. हा इंजिनिअर, डोक्यावर कर्ज, घरी चार मुलं. बोट तीन धडांची. अशी बोट हलकी असते, स्वतःच्या लाटेत अडकत नाही, जोरात पळते. फक्त एकदा उलटली की उलटीच राहते. तीही घाईघाईत बांधलेली. ३१ ऑक्टोबर १९६८ ला, शेवटच्या तारखेला, तो कसाबसा निघाला आणि थोड्याच दिवसांत त्याला कळून चुकलं, की या बोटीनं दक्षिण महासागरात जाणं म्हणजे मरणं. परत फिरावं तर घर विकावं लागेल. मग त्यानं मधला मार्ग काढला. बोट अटलांटिकमध्येच ठेवली आणि रेडिओवरून आकडे कळवू लागला. एका दिवसात २४३ मैल, असा एक आकडा! लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोटीवरच्या वहीत मात्र तो आपली खरी जागा लिहीत होता.

"वहीत?" नाना म्हणाले.

"हो. वहीत."

शहाळ्यातली नळी मी उगाच सरळ केली. पुढे सांगणं भाग होतं. नायजेल टेटली नावाचा एक आरमारी अधिकारी. त्याचीही तीन धडांची बोट, खिळखिळी झालेली. पण तो खरोखर पृथ्वी फिरून आला होता. घर हजारएक मैलांवर राहिलेलं. त्याला बातमी लागली, की क्राउहर्स्ट मागून झपाट्यानं येतोय. सगळ्यांत कमी दिवसांत येणाऱ्याला पाच हजार पौंड होते. टेटलीनं मोडकी बोट ताणली. २१ मे १९६९ ला तिचा सांगाडा फुटला आणि ती अझोर्सजवळ बुडाली. तो तराफ्यावर वाचला. इकडे क्राउहर्स्टवर उलटाच पेच. आता तोच पहिला येणार, आणि पहिला येणाऱ्याच्या वह्या तपासल्या जातात. १० जुलैला त्याची बोट एकटीच तरंगताना सापडली. आत कुणी नव्हतं.

नाना बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "त्या टेटलीला कळलं का हो नंतर, की मागे कुणीच नव्हतं?"

"कळलं. त्याच जुलैत सगळ्यांनाच कळलं."

आता वाचकहो, इथे एक प्रश्न आहे आणि तो मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या पडला. इतकी वर्षं मी समजत होतो, की सुहेलीची गोष्ट हळू आणि वेगवान यांची आहे. तशी ती नव्हेच. नॉक्स-जॉन्स्टनला काही हळूपणाचा सोस नव्हता. याच माणसानं १९९४ साली पीटर ब्लेकबरोबर दोन धडांच्या प्रचंड बोटीतून चौऱ्याहत्तर दिवसांत तीच प्रदक्षिणा केली. आणि साधी, जुनी, जड बोट घेतली की समुद्र मान देतो, असंही नाही. सुहेलीच्याच आराखड्यावर गोव्यात 'थुरिया' बांधली गेली; २०१८ च्या शर्यतीत आपल्या आरमाराचे अभिलाष टॉमी तीत होते. दक्षिण हिंदी महासागरात वादळानं तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला आणि त्यांना बोटीवरून सोडवून आणावं लागलं. (ते पुन्हा शर्यतीत उतरले आणि २०२३ साली दुसरे आले, ती बोट निराळी.) तेव्हा माझ्या ताशी चार मैलांत सद्‌गुण असा काही नव्हता. तो माझा आकार होता. आणि आकाराला नारळ मिळत नाही म्हणून मी सात लिहिले होते. बोट निदान खोटं लिहीत नाही.

दुसरी एक शंका अशी, की खोटा आकडा कुणाचं काय बिघडवतो? वहीत पडून असतो बिचारा. पण आकडा पडून राहत नाही. कुणीतरी संध्याकाळी केबिनपाशी जाऊन तो वाचतं.

मी म्हणालो, "नाना, माझे सात नव्हते. चार होते. कधी कधी चारही नव्हते."

नानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रेल्वेच्या माणसाला हिशेबाला वेळ लागत नाही. म्हणाले, "म्हणजे फेब्रुवारीत पहिला मी."

"हो."

"नारळ माझा."

"हो."

"खाल्लात?"

मी मान हलवली. नाना हसायला लागले, हसताना छातीवर हात ठेवला, आणि माझ्या पोटात गेटवे-मांडवा झालं.

काकू हसल्या नाहीत. मला सोडायला दारापर्यंत आल्या आणि बाहेर आल्यावर दार ओढून घेऊन म्हणाल्या, "ते हसले ते त्यांचं. माझ्या चार रात्री त्या बाकावर गेल्यात." मी काही बोललो नाही. 'चूक झाली' हे शब्द पाच हजार पौंडांच्या मानानं फारच स्वस्त पडतात.

पाच हजार पौंडांचं राहिलंच. दोन्ही बक्षिसं अर्थात नॉक्स-जॉन्स्टनला मिळाली, कारण दुसरं कुणी पोचलंच नव्हतं. त्यानं ती सारी रक्कम क्राउहर्स्टच्या बायकोला आणि मुलांना देऊन टाकली. आमच्या घरी यावर दोन मतं आहेत. माझं मत, की टेटलीला द्यायला हवी होती. बोट त्याची बुडाली. बायकोचं मत, की टेटलीला दुसरी बोट बांधता येत होती, त्या पोरांना बाप बांधता येत नव्हता. मी म्हटलं, म्हणजे खोटं बोलणाऱ्याच्या घरी बक्षीस? ती म्हणाली, "घरी म्हणजे कुणाकडे, ते बघा ना." आणि मग जरा थांबून, "काकूंकडे तुम्ही स्वतः जाणार आहात, की मी जाऊ?"

मीच गेलो. नारळ घेऊन गेलो. काकूंनी तो दाराशीच घेतला, आत बोलावलं नाही. डॉक्टरांनी नानांना सध्या अर्धा किलोमीटर चालायला सांगितलं आहे, तोही सपाटीवर. मी त्यांच्याबरोबर जातो. मध्ये दोनदा बसतो. परत येताना नाना वहीत आपला अर्धा लिहितात, मी माझा अर्धा लिहितो, आणि काकू ग्रिलच्या मागे उभ्या राहून, मी लिहिताना, पेन्सिल किती वेळ हलते ते बघत असतात.